मुखावरचा रंग टिकावा कसा ?

गेल्या अंकीं ह्या सदरांत उन्हाळ्यांतील पिण्याच्या पाण्याविषयीं चार गोष्टी सांगितल्या होत्या. ह्या महिन्याचा विषय पाहून कांहीं ज्येष्ठ वाचक भुंवया चढवतील, हें मी जाणून आहें. संस्कृत शिकविण्यांत ज्याची हयात गेली त्या म्हाताऱ्या मास्तरानें स्त्रियांच्या प्रसाधनांत कां लक्ष घालावें, असा प्रश्न कोणीं केल्यास तो अगदींच गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. परंतु प्रश्न घरांत आला म्हणजे तो सगळ्या घराचा होतो, आणि घरांतील प्रश्नांचा शांतपणें विचार करावा हेंच तर ह्या सदराचें प्रयोजन आहे.

किनाऱ्यावरील एका गांवाहून एका वाचक-भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्या मुलीचें लग्न येत्या वैशाखांत व्हावयाचें आहे. मुहूर्त सकाळचा. गौरीहरापाशीं बसल्यापासून सप्तपदी होऊन पंक्ती उठेपर्यंत सहा-सात तास सहज जावयाचे. त्यांत दमट हवा, होमाचा धूर आणि शेवटीं पाठवणीचे अश्रु. ब्यूटी पार्लरच्या बाईंनीं सांगितलें कीं, मुखावर सर्व रंगलेप झाल्यावर वरून 'सेटिंग स्प्रे' मारला म्हणजे रात्रीपर्यंत चिंता नाहीं. घरांतील आत्याबाईंनीं बाटली हातांत घेतली, चष्मा लावून बारीक अक्षरें वाचलीं, आणि त्यांत 'अल्कोहोल' हा शब्द दिसतांच ती खालीं ठेवली. दारू तोंडाला फासून मुलगी अग्नीसमोर बसणार काय, असा त्यांचा प्रश्न आहे. आणि पत्राच्या अगदीं शेवटीं, जातां जातां लिहावें तसें, आणखी एक वाक्य आहे : मुलगी सांवळी आहे, लग्नापुरती दोन छटा उजळ दिसली तर बरें असें सर्वांचें म्हणणें पडतें, ती स्वतः कांहीं बोलत नाहीं.

म्हणजे प्रश्न तीन झाले. हा फवारा काय आहे आणि तो कसा निवडावा व वापरावा, हा पहिला. त्यांतील अल्कोहोलाचें काय, हा दुसरा. आणि तिसरा त्या न बोलणाऱ्या मुलीचा. तिसऱ्याचें उत्तर मी मुद्दाम शेवटासाठीं राखून ठेवतों, कारण पहिल्या दोहोंचा नीट विचार केल्यास तें आपोआप हातीं येतें.

रंगलेप घामानें विसकटणें ही अडचण कांहीं आजची नव्हे. आपल्या ६४ कलांच्या परंपरागत यादींत कपाळावरील शोभेच्या आकृतींची 'विशेषकच्छेद्य' नांवाची स्वतंत्र कला सांगितलेली आहे. तेव्हां मुखप्रसाधन हें पाश्चात्य खूळ आहे असें म्हणण्याची सोय आपणांस नाहीं. कालिदासाच्या कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत हिमालयावर अकालीं वसंत अवतरतो, तेव्हां किंपुरुषांच्या स्त्रियांच्या मुखांवर रेखलेल्या पत्रविशेषकांवर घामाचे बिंदु उमटल्याचें वर्णन आहे. आणि गीतामध्यें थांबतांना श्रमानें ती रेखाटणी किंचित् सुटल्याचाहि उल्लेख थोड्याच श्लोकांनंतर येतो. हिमालयाच्या हवेंत देवयोनींतील स्त्रियांची ही गत, तर वैशाखांत किनाऱ्यावरील वधूची कथा काय सांगावी !

आपल्या आज्या-पणज्यांनींहि ह्यावर तोड काढली होती. सुकें कुंकू कपाळावर टिकत नाहीं, म्हणून आधीं बोटानें मेणाचा लहानसा ठिपका लावावयाचा आणि त्यावर कुंकू टेकावयाचें. फणेरपेटींत कुंकवाच्या करंड्याशेजारीं मेणाची डबी असे ती ह्याचसाठीं. सकाळीं लावलेलें कुंकू चुलीच्या धगीपुढें बसूनहि जागचें हलत नसे. आजचा फवारा म्हणजे त्याच युक्तीचें उलटें रूप आहे. मेण रंगाला खालून धरीत असे, हा वरून धरतो.

तो धरतो कसा, हें समजून घेतलें पाहिजे. कारण तें समजलें कीं निवडीचे निम्मे प्रश्न सुटतात. बाटलींतील द्रवांत राळेसारखा चिकटून बसणारा, पण निर्मळ व पारदर्शक असा एक पदार्थ विरघळविलेला असतो. अशा पदार्थांना रसायनशास्त्रांत पॉलिमर म्हणतात. फवाऱ्याचे सूक्ष्म तुषार मुखावर पडतात, त्यांतील पातळ द्रव उडून जातो आणि मागें ह्या पदार्थाचा, डोळ्यांस न दिसणारा, पापुद्रा राहतो. तो लेपाचे व पावडरीचे कण एकमेकांशीं बांधून ठेवतो. ह्या वर्गांतील एका सुपरिचित पदार्थाचें नांव 'पीव्हीपी' असें आहे. वॉल्टर रेपे ह्या जर्मन रसायनज्ञाच्या संशोधनांतून तो निघाला आणि १९३९ सालीं त्याचें पेटंट घेण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत रक्तस्राव झालेल्या सैनिकांना रक्तद्रवाच्या ऐवजीं त्याचें द्रावण शिरेंतून देत असत. युद्धानंतर तोच पदार्थ केस बसविण्याच्या फवाऱ्यांत आला, आणि आज मुखाच्या फवाऱ्यांतहि आढळतो. मात्र ह्यावरून केसांचा फवारा तोंडावर मारला तरी चालेल असें कोणीं समजूं नये. तो केसांसाठीं बनविलेला असतो. त्वचेला तो ताणतो, कोरडा करतो, आणि डोळ्यांत गेला तर आग करतो. कांहीं मुली काटकसर म्हणून हा प्रयोग करतात असें ऐकतों. ती काटकसर नव्हे.

आतां बाजाराकडे वळूं. तेथें पहिली गफलत ही होते कीं, जवळजवळ सारख्याच नांवांखालीं दोन निराळ्या वस्तु मांडलेल्या असतात. एक खरा स्थिर करणारा फवारा, ज्यांत वर सांगितलेला पापुद्रा धरणारा पदार्थ असतो. दुसरें नुसतें तुषारजल, म्हणजे पाणी, ग्लिसरीन, कोरफडीचा किंवा फुलांचा अर्क. दुसऱ्याचा उपयोग नाहीं असें नव्हे. पावडर अधिक होऊन मुख पिठूळ दिसूं लागलें असतां त्या तुषारांनीं थर एकजीव होतात आणि कांति सहज दिसते. परंतु त्यानें रंग टिकतो ही समजूत खोटी आहे. घरीं गुलाबपाण्यांत ग्लिसरीनचे थेंब घालून 'घरगुती स्प्रे' करतात, तोहि ह्याच दुसऱ्या जातीचा. शिवाय त्यांत टिकविणारें द्रव्य नसल्यानें तो लवकर नासतो. करावयाचाच तर थोडा, ताजा करावा आणि उरलेला टाकून द्यावा.

दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी परीक्षा आमच्या सूनबाईंनीं मला दाखविली. त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर आहेत, आणि ह्या लेखांतील रसायनाचा भाग त्यांनीं तपासून दिला आहे. स्वच्छ काचेचे दोन तुकडे घ्यावे, एकेकावर एकेक बाटलींतील तीन-चार फवारे मारावे आणि पंधरा मिनिटें तसेच ठेवावे. नंतर नखानें हलकेच ओरखडावें. जेथें पापुद्रा धरलेला असेल तेथें नखाची रेघ स्पष्ट उमटते. जेथें नुसतें तुषारजल होतें तेथें काच एकतर कोरडी असते किंवा ग्लिसरीनमुळें नुसती चिकट लागते. दुकानांत हें करतां येत नाहीं हें खरें. तेथें बाटलीवरील घटकांची यादी वाचावी. तींत 'पीव्हीपी', 'व्हीपी-व्हीए कोपॉलिमर' किंवा 'अॅक्रिलेट्स कोपॉलिमर' असें एखादें नांव असेल तर ती पहिल्या जातीची. यादींत आरंभीं येणारे घटक प्रमाणानें अधिक असतात, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ कळतें.

बाटलीवर आणखीहि कांहीं पाहावें. २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणें आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या प्रसाधनावर उत्पादकाचें नांव व पत्ता, बॅचचा क्रमांक, कोणत्या तारखेपूर्वीं वापरावें ती तारीख आणि घटकांची यादी छापलेली असावी लागते. ज्या बाटलीवर हें नाहीं ती कितीहि स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. उघड्या डबीचें चित्र काढून त्यांत '१२ एम' असें लिहिलेलें असल्यास उघडल्यापासून बारा महिन्यांत संपवावी असा त्याचा अर्थ. बाटली लहान घ्यावी. एका वेळेस चार-सहा दाब पुरतात. त्या हिशेबानें ३० मिलिलिटरची बाटली साधारण पन्नासएक वेळां पुरते. लग्नघराला एवढें पुष्कळ झालें. आणि 'चोवीस तास टिकतो' असे जे मोठे आंकडे दर्शनीं भागावर छापतात, ते कोणत्या हवेंत आणि कोणत्या त्वचेवर मोजले हें बाटली सांगत नाहीं; म्हणून त्यांवर मुहूर्त सोपवूं नये.

निवड करतांना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. एक त्वचा, दुसरी हवा. ज्यांच्या नाकावर व कपाळावर तासाभरांत तेल येतें त्यांना लवकर सुकणारा, पापुद्रा धरणारा आणि चकाकी कमी करणारा फवारा मानवतो. कोरड्या त्वचेला अल्कोहोल अधिक असलेला फवारा ताणल्यासारखा वाटतो. तिनें अल्कोहोल नसलेला, थोडें ग्लिसरीन असलेला घ्यावा. ज्यांची त्वचा लगेच लाल होते त्यांनीं सुगंधी फवारा टाळावा, कारण त्वचेला खाज सुटण्याचें कारण पुष्कळदां सुगंधच असतो. हवेचाहि असाच विचार आहे. रत्नागिरी, पणजी किंवा मुंबई येथील दमट हवेंत ग्लिसरीन हवेंतील ओल ओढून घेतें आणि मुख चिकट भासतें. तेथें तें कमी असलेलें बरें. नागपूर-अकोल्याकडील वैशाखांत उलट, कोरड्या झळांनीं त्वचा आधींच ओढलेली असते. तेथें केवळ लवकर सुकणें हा गुण पाहून चालत नाहीं. पुण्याच्या मैत्रिणीला मानवलेली बाटली मालवणच्या मुलीला मानवेलच असें नाहीं, तें ह्याचमुळें. प्रस्तुत भगिनींच्या मुलीला, किनाऱ्याची हवा ध्यानांत घेतां, पापुद्रा धरणारा, ग्लिसरीन कमी असलेला आणि सुगंध नसलेला फवारा पाहावा, असें मी सुचवीन.

आतां आत्याबाईंची शंका. तिच्याकडे हंसून पाहणाऱ्यांपैकीं मी नाहीं. प्रथम वस्तुस्थिति सांगतों. प्रसाधनांतील अल्कोहोल हें बहुधा पिण्यास अयोग्य केलेलें असतें. यादींत त्याचें नांव 'अल्कोहोल डीनॅट' असें येतें. २०२० सालीं कोरोनाच्या साथींत जें हात निर्जंतुक करण्याचें द्रावण घरोघर, देवघराच्या उंबरठ्याशींहि, येऊन राहिलें, त्यांतील मुख्य द्रव्य ह्याच जातीचें होतें. तें पाण्यापेक्षां पुष्कळ लवकर उडतें, म्हणूनच फवारा पटकन् सुकतो. सुकल्यावर तें मुखावर उरत नाहीं. शिवाय 'सीटाइल अल्कोहोल' यांसारखीं कांहीं नांवें यादींत दिसतात, तीं मेणासारख्या मऊ घन पदार्थांचीं आहेत. त्यांचा दारूशीं नांवापलीकडे संबंध नाहीं. धार्मिक निर्णय ज्यानें त्यानें आपल्या उपाध्यायांस विचारावा. मी तो अधिकार सांगत नाहीं. ज्यांच्या मनाला तरीहि तें रुचत नसेल त्यांच्यासाठीं अल्कोहोल नसलेले, पण पापुद्रा धरणारे फवारेहि मिळतात. ते सुकावयास थोडे अधिक घेतात एवढेंच. आत्याबाईंचें मन मोडून मुलीला बोहल्यावर उभी करण्यापेक्षां दोन मिनिटें अधिक थांबणें केव्हांहि श्रेयस्कर.

पण आत्याबाईंनीं बोट ठेवलें तें ठिकाण मात्र अचूक आहे, आणि तें वेगळ्याच कारणासाठीं. अल्कोहोल आणि अग्नि यांचा एकत्र सहवास धोक्याचा. अल्कोहोलाची वाफ खोलींतील साध्या उष्णतेंतहि ज्वाला पकडूं शकते. पत्र्याच्या दाबाच्या डब्यांतून निघणाऱ्या फवाऱ्यांत तर तुषार उडविण्यासाठीं पुष्कळदां स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचे ज्वालाग्राही वायु भरलेले असतात. म्हणून हा नियम लग्नघरांतील प्रत्येकानें पाठ करावा : निरांजन, समई, उदबत्ती, शेगडी किंवा होमकुंड जवळ असतां फवारा उडवूं नये. वधू गौरीहरापाशीं जाण्यापूर्वीं, निराळ्या खोलींत, खिडकी उघडी ठेवून काय तें करावें आणि मुख, केस व वस्त्र पूर्ण सुकल्यावरच तिला पुढें न्यावें. विवाहहोम आणि लाजाहोम यांच्या मधल्या वेळांत एखादी हौशी मैत्रीण 'जरा एक हात मारतें' म्हणून बाटली घेऊन पुढें सरसावते, तिला प्रेमानें पण निश्चयानें मागें घ्यावें. दाबाचा डबा उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत ठेवूं नये, आणि रिकामा झाला तरी आगींत टाकूं नये. घरांत दम्याचें माणूस असेल तर त्याच्या खोलींत फवारणी करूं नये, हें सांगणें नकोच.

वापरण्याची रीत अशी. लग्नाच्या निदान पंधरा दिवस आधीं कोपराच्या आंतल्या बाजूस किंवा कानामागें एक फवारा मारून दोन दिवस वाट पाहावी. खाज, पुरळ किंवा लाली दिसली तर ती बाटली दूर ठेवावी. त्यानंतर एकदां संपूर्ण रंगीत तालीम करावी. नाटकमंडळी पहिल्या प्रयोगापूर्वीं ती करतात, मग जन्मांतून एकदांच व्हावयाच्या प्रयोगाला ती कां नसावी ? त्या दिवशीं सर्व लेप करून मुलीनें सहा तास घरांत नेहमीसारखें वावरावें, थोडा वेळ स्वयंपाकघरांतहि बसावें. घाम कोठें येतो, रंग कोठें फुटतो, हें त्या दिवशीं कळलेलें बरें.

मुख्य दिवशीं आधीं तोंड स्वच्छ धुवावें, आपल्या सवयीचें सौम्य क्रीम लावावें आणि तें मुरेपर्यंत दहा मिनिटें थांबावें. दिवसा उन्हांत वावरावयाचें असेल तर सनस्क्रीन ह्याच वेळीं लावावें. फवारा त्याची जागा घेत नाहीं. मग लेप पातळ लावावा आणि जेथें तेल येतें तेथेंच पावडर टेकावी. फवारा शेवटीं. बाटली हलवावी, मुखापासून एक वीतभर किंवा थोडी अधिक, म्हणजे २० ते ३० सेंटिमीटर, अंतरावर धरावी. डोळे व ओंठ मिटावे, श्वास रोखावा. कपाळाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या हनुवटीपर्यंत तिरपें, मग दुसरीकडून तिरपें, अशी फुली काढावी, आणि शेवटीं कपाळावर आडवा व नाकावरून खालीं एकेक फवारा द्यावा. एवढें पुरे. बाटली जवळ धरल्यास थेंब मोठे पडतात आणि पावडरींत ओघळ काढतात. सुकेपर्यंत मुख हलवूं नये, बोलूं नये, हातानें थोपटूं नये; एखादें मिनिट लागतें. अधिक टिकाऊपणा पाहिजे असेल तर एकदांच भिजवून काढण्याऐवजीं लेपानंतर एक हलका हात आणि पावडरीनंतर दुसरा, असे दोन पातळ हात द्यावे.

घाम आला तर काय ? अष्टपुत्री बदलून शालू नेसण्याच्या वेळीं कांहीं मिनिटें मोकळीं मिळतात. तेव्हां मऊ टिपकागदानें घाम व तेल नुसतें टिपून घ्यावें. आम्ही शाळेंत मुलांना सांगत असूं कीं, शाईवर टिपकागद दाबावा, फिरवूं नये. येथेंहि तोच नियम. ओल्या घामावर पावडर कधीं टाकूं नये, तिचे गोळे होतात. टिपल्यानंतर एखादा हलका फवारा पुरतो, आणि तोहि वर सांगितल्याप्रमाणें अग्नीपासून दूर, निराळ्या खोलींत. अश्रूंसाठीं मऊ रुमालाची घडी पापणीखालीं टेकवावी. अश्रु पुसूं नयेत, टिपावेत. हा सल्ला रंगासाठीं आहे. रडूं नये असा सल्ला मी देत नाहीं.

इतकें सगळें केलें तरी फवाऱ्याची एक मर्यादा राहतेच, आणि तीच ह्या लेखाचें सार आहे. फवारा जें खालीं आहे तेंच टिकवतो. त्यांत सुधारणा करीत नाहीं. खालचा लेप जाड असेल तर हंसतांना, बोलतांना, मंगलाष्टकांत मान वर करतांना जेथें कातडीला घडी पडते तेथें तो तडकतो, आणि वरचा पापुद्रा त्या भेगा तशाच पकडून ठेवतो. त्वचेंतून येणारें तेल आंतून वर येतें. तें बाहेरच्या पापुद्र्यानें थांबत नाहीं. लेप पातळ आणि त्वचेशीं एकरूप असेल तर तो मुखाबरोबर हलतो, आणि थोडा गेला तरी गेलेला दिसत नाहीं. तेव्हां टिकाऊपणाचा मोठा भाग बाटली उघडण्यापूर्वींच ठरून गेलेला असतो.

येथें तिसरा प्रश्न येतो. मुलगी दोन छटा उजळ दिसावी, असें म्हणतात. प्रथम केवळ व्यवहार पाहूं. मूळ वर्णाहून उजळ लेप मुखावर ठेवावयाचा तर तो जाड लावावा लागतो, आणि जाड लेप टिकत नाहीं हें आतांच पाहिलें. नाकाच्या शेंड्यावरून तो पुसला गेला कीं खालचा खरा रंग ठिपक्यासारखा दिसतो. आपल्याच रंगाचा लेप पुसला गेला तर कांहींच दिसत नाहीं. मान, कान आणि मेंदीचे हात मुखाशीं जुळत नाहींत. कॅमेऱ्याच्या प्रखर झोतांत कांहीं पावडरी पांढुरक्या चमकतात, आणि उजळ लेपावर तो दोष दुप्पट दिसतो. म्हणून तालमीच्या दिवशीं झोत लावून एक छायाचित्र काढून पाहावेंच. लेपाची छटा निवडतांना ती मनगटावर पाहूं नये. जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडांत लावून, पंधरा मिनिटें थांबून पाहावी. जी छटा तेथें लावलेली दिसेनाशी होते ती आपली.

पण व्यवहारापलीकडेहि कांहीं आहे. ज्या महाभारताचीं पारायणें आपण घरोघर करतों, त्यांतील द्रौपदीला तिच्या सांवळ्या वर्णावरून 'कृष्णा' हेंच नांव होतें. ज्याच्या नांवानें आपण दिवस सुरूं करतों तो रामहि श्यामवर्ण. देव्हाऱ्यांत श्यामवर्णाला हात जोडावयाचे आणि माजघरांत तोच वर्ण लपविण्यासाठीं मोल देऊन बाई बोलवावयाची, ह्या विसंगतीचें उत्तर आपणां वडीलधाऱ्यांनींच द्यावयाचें आहे; मुलीनें नव्हे. वराकडील मंडळींनीं मुलीला पाहिलें आहे, तिच्याशीं बोलली आहेत, आणि पसंत केली आहे. मग उजळ दिसावयाचें कोणासाठीं ? तीं छायाचित्रें भिंतीवर पन्नास वर्षें राहतील. त्यांत तिची तिला ओळख पटली पाहिजे. पुढें एखादें नातवंड बोट दाखवून 'ही कोण?' असें विचारील अशी नको.

आणि मुलगी कांहीं बोलत नाहीं, ह्याचा अर्थ तिला चालतें असा कोणीं घेऊं नये. चाळीस वर्षें वर्गांत उभें राहून मला एवढें कळलें आहे कीं, जें मूल सगळ्यांसमोर गप्प राहतें त्याला बाजूला घेऊन विचारावें लागतें. तालमीच्या दिवशीं आईनें दोन्ही छटा लावून पाहाव्या, अर्ध्या मुखावर एक आणि अर्ध्यावर दुसरी, आणि त्या वेळीं खोलींत तिसरें कोणी नसावें. मग मुलीच्या हातांत आरसा द्यावा आणि विचारावें. ती जें सांगेल तें करावें. तिला उजळच दिसावयाचें असेल तर तोहि तिचा अधिकार आहे. पण तें तिच्या तोंडून आलेलें असावें.

शेवटीं एक गोष्ट, जी लग्नाच्या धांदलींत हटकून राहून जाते. रात्रीं कितीहि थकवा असला तरी हा पापुद्रा उतरविल्याशिवाय झोंपूं नये. नुसत्या पाण्यानें तो निघत नाहीं. आधीं लेप उतरविण्याचें तेल किंवा द्रव कापसावर घेऊन हलक्या हातानें पुसावें, मग सौम्य साबणद्रवानें धुवावें आणि क्रीम लावावें. घरचें खोबरेल तेलहि हें काम करतें. मात्र ज्यांना मुरुमें येतात त्यांनीं तें टाळावें, त्यानें रंध्रें बुजण्याचा संभव असतो. सासरीं पहिल्या रात्रीं नव्या मुलीला ह्यासाठीं गरम पाणी आणि स्वच्छ पंचा न मागतां मिळावा, एवढी व्यवस्था तेथील जावांनीं किंवा नणंदांनीं आठवणीनें ठेवावी. ती पंधरा मिनिटें तिला कोणीं हांक मारूं नये.

पुढील अंकीं पावसाळ्यापूर्वीं धान्याची सांठवण आणि तींतील कीड यांविषयीं लिहिण्याचा विचार आहे. त्या बाबतींत ज्यांच्या घरीं कांहीं जुनी, अनुभवानें खरी ठरलेली रीत चालत आली असेल त्यांनीं ती कृपा करून कळवावी.